एक थेंबही बाहेर आला नव्हता

गेल्या महिन्यात मुखेड तालुक्यातील एका भगिनीचे चार पानी पत्र आम्हाला आले. नाव छापू नका, असे त्यांनी लिहिले आहे. आम्ही गावही लिहीत नाही. त्यांचे धाकटे भाऊ संध्याकाळी बाजार करून मोटारसायकलवरून परतत होते. रस्त्यावर सांडलेल्या खडीवर चाक घसरले आणि मागून येणाऱ्या टेम्पोचा धक्का कमरेला बसला. लोक धावून आले. चालता येते का पाहावे म्हणून दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभे केले. ते ओरडले, तेव्हा जीपमध्ये दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेले. अंगावर थोडे खरचटले होते, एवढेच. एक्स-रे झाला. 'कमरेचे हाड मोडले आहे, पण बीपी चांगला आहे,' असे कळल्यावर घरच्यांनी अल्लाहचे शुक्र मानले. भाऊ मात्र रात्रभर पाणी मागत राहिले. मध्यरात्रीनंतर ते बेचैन झाले, हातपाय गार पडले, मग बीपी उतरला. मोठ्या दवाखान्यात न्या, असे सांगण्यात आले. कुठे न्यायचे यावर नातेवाइकांत चर्चा झाली, गाडी मिळाली आणि फजरच्या आधी वाटेतच त्यांचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांची मगफिरत करो आणि घरच्यांना सब्र देवो.

पत्राच्या शेवटी आपांनी दोन प्रश्न विचारले आहेत. "रक्ताचा एक थेंबही बाहेर आला नव्हता. तरी डॉक्टर म्हणतात, रक्त जाऊन गेले. मग ते रक्त गेले कुठे? आणि आमचे काय चुकले?"

या महिन्याचे सदर या दोन प्रश्नांसाठी आहे. पहिल्याचे उत्तर वैद्यकशास्त्राकडे आहे. दुसऱ्याचे उत्तर कागदपत्रे न पाहता कोणी देऊ नये, आम्हीही देणार नाही. पण अशी वेळ उद्या दुसऱ्या घरावर आली तर काय करावे, हे सांगता येते, आणि ते सांगायलाच हवे.

रक्त गेले कुठे?

पोट आणि मांड्या यांच्या मध्ये हाडांचे एक मजबूत कडे असते. डॉक्टर त्याला पेल्विस म्हणतात. आपण ओटीपोटाचे हाड किंवा नुसते कमरेचे हाड म्हणतो. काचेची बांगडी जोरात दाबली तर ती सहसा एका जागी तुटून थांबत नाही, दोन ठिकाणी तुटते. या कड्याचेही तसेच आहे. पुढे मोडलेले दिसले की मागच्या बाजूलाही मोड किंवा निखळलेला सांधा आहे का, हे पाहावे लागते. तरुण माणसाचे हे कडे सहजासहजी मोडत नाही. मोटारसायकलचा अपघात, उलटलेला ट्रॅक्टर, अंगावर पडलेली भिंत, झाडावरून किंवा विहिरीत पडणे, एवढा मोठा मार लागतो.

आता या कड्याच्या आत काय आहे ते पाहू. मूत्राशय, आतड्याचा शेवटचा भाग, स्त्रियांमध्ये गर्भाशय, आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचे दाट जाळे. हृदयातून निघालेली मुख्य धमनी बेंबीच्या सुमारास दुभंगते. तिच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या कड्याच्या आत उतरतात आणि काही ठिकाणी अगदी हाडाला चिकटून जातात. हाड मोडून सरकले की त्याची धारदार कड या वाहिन्यांना फाडू शकते.

बहुतेक रुग्णांत रक्त येते ते शिरांमधून आणि मोडलेल्या हाडातून. हा रक्तस्राव मंद असतो. कडे बाहेरून घट्ट आवळले, जागा कमी झाली, की बरेचदा तो थांबतो. पण दहांतील एक-दोन रुग्णांत धमनी फाटलेली असते. धमनीत हृदयाचा जोर असतो. तिथले रक्त नुसत्या दाबाने थांबेलच असे नाही. आणि हे रक्त पोटाच्या पडद्यामागच्या सैल जागेत साठते. त्या जागेत चार लिटर रक्तही मावू शकते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात एकूण रक्त सव्वाचार लिटरच्या आसपास असते. म्हणजे कपड्यावर एक डागही न पडता माणसाचे जवळजवळ सगळे रक्त त्याच्याच शरीरात, पण रक्तवाहिन्यांच्या बाहेर, सांडू शकते. आपा, तुमच्या भावाच्या बाबतीत 'रक्त जाऊन गेले' या शब्दांचा अर्थ हा असावा.

मराठवाड्याने असा न दिसणारा रक्तस्राव एकदा फार जवळून पाहिला आहे. ३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथराव मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती. शवविच्छेदनात यकृत फाटून आत रक्तस्राव झाल्याचे आणि मानेच्या मणक्यांना इजा झाल्याचे आढळले. तिथे पेल्विस नव्हे, यकृत फाटले होते. पण शिकायची गोष्ट तीच आहे. अपघातात जखम किती मोठी दिसते, यावरून धोका किती मोठा आहे हे ठरत नाही.

'बीपी चांगला आहे' याचा अर्थ

या तीन शब्दांनी अनेक घरे निर्धास्त होतात. तरुण, सुदृढ शरीर रक्त कमी झाले की हातापायांच्या आणि कातडीच्या रक्तवाहिन्या आवळून मेंदू-हृदयाकडे रक्त वळवते, हृदयाचे ठोके वाढवते आणि बीपी टिकवून धरते. साधारणपणे अंगातले तीस टक्के रक्त जाईपर्यंत बीपी फारसा उतरत नाही. जेव्हा उतरतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून बीपीच्या आकड्याआधी माणसाकडे पाहावे. नाडी जलद चालते आहे का? कपाळावर थंड घाम आहे का? ओठ, नखे, पापणीची आतली बाजू पांढरी पडली आहे का? सारखी तहान लागते आहे का? रुग्ण बेचैन आहे, उठून बसू पाहतो आहे, 'मला घरी न्या' म्हणतो आहे, की उलट सुस्त होत चालला आहे? लघवी झालेली नाही, किंवा लघवीच्या जागी रक्त दिसते आहे का? एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का? जांघेत, पाठीच्या खाली काळेनिळे पसरत आहे का? यातले काहीही दिसले तर परिचारिकेला किंवा डॉक्टरांना लगेच सांगावे आणि पुन्हा तपासायला लावावे. दुखण्याने कण्हतो आहे, घाबरला आहे, असे समजून बसून राहू नये.

दवाखान्यात एक्स-रे हाड दाखवतो, रक्तस्राव दाखवत नाही. सोनोग्राफीत पोटातले रक्त दिसते, पण पडद्यामागे साठलेले रक्त तिच्यातून निसटू शकते. शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये मात्र धमनीतून रक्त नेमके कुठे बाहेर पडते आहे, हे बऱ्याचदा स्पष्ट दिसते.

धमनी आतून बंद करणे

वाहती धमनी बांधणे ही जुनी विद्या आहे. हजार वर्षांपूर्वी अंदलुसमध्ये कुर्तुब्याजवळ राहणाऱ्या अबुल कासिम अल-जहरावी यांनी आपल्या 'अल-तसरीफ' या ग्रंथात डाग देऊन आणि दोऱ्याने बांधून धमनीचे रक्त थांबवण्याच्या रीती लिहून ठेवल्या. पण पेल्विसमधली धमनी इतकी खोल असते की पोट उघडून ती शोधायला जावे, तर साठलेल्या रक्ताचा उरलासुरला दाब सुटतो आणि रक्तस्राव आणखी उसळतो. शल्यचिकित्सकांना ही अडचण फार काळ भेडसावत होती.

वाट निघाली ती आतून. १९५३ मध्ये स्वीडनचे डॉ. स्वेन इव्हार सेल्डिंगर यांनी सुई, तार आणि बारीक नळी यांच्या साहाय्याने धमनीत शिरण्याची सोपी पद्धत शोधली. आज हृदयाची अँजिओग्राफी होते ती याच पायावर. १९७२ मध्ये अमेरिकेतील बोस्टनच्या डॉक्टरांनी याच वाटेने जाऊन, मोडलेल्या पेल्विसमधली वाहती धमनी आतून बुजवल्याचे प्रसिद्ध केले. बुजवायला त्यांनी रुग्णाच्याच रक्ताची गुठळी वापरली होती.

या उपचाराला एम्बोलायझेशन म्हणतात. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीत सुई टोचून बारीक नळी आत सरकवतात. औषध सोडून पडद्यावर रक्तवाहिन्यांचे चित्र पाहतात. गळती दिसली की नळीचे टोक तिथपर्यंत नेऊन जिलेटिनच्या स्पंजचे बारीक तुकडे किंवा धातूच्या तारेची छोटी गुंडाळी सोडतात. धमनी बंद होते. पोट उघडावे लागत नाही, बरेचदा पूर्ण भूलही लागत नाही. बहुतेक रुग्णांत धमनीचा रक्तस्राव याने थांबतो.

त्याला मर्यादाही आहेत. शिरांमधला रक्तस्राव याने थांबत नाही. क्वचित नितंबाच्या स्नायूंना रक्त कमी पडून इजा होते, टोचलेल्या जागी रक्त साठते, कधी पुन्हा रक्तस्राव होतो. तपासणीचे औषध मूत्रपिंडावर ताण आणू शकते; रुग्णाला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो आधीच सांगावा. मोडलेले हाड बसवण्याचे ऑपरेशन पुढे वेगळे करावे लागते. सहीचा कागद समोर आला की हे सगळे विचारावे, पण थोडक्यात विचारावे. आतला रक्तस्राव चालू असताना घरातल्या सगळ्या काका-मामांना फोन करून मत घेण्याइतका वेळ नसतो. सही कोण करणार, हे घरच्यांनी दवाखान्यात पोचताच ठरवून टाकावे.

आपल्या घरांतल्या दोन शंका

पहिली शंका पडद्याची. जखमी भगिनी असेल आणि नळी जांघेतून घालायची म्हटले की घरचे अडखळतात. या उपचारात टोचण्यापुरती जागा सोडून बाकी अंग निर्जंतुक चादरींनी झाकलेले असते. महिला परिचारिका हजर असावी, असे सांगता येते. मनगटातून करता येईल का, हेही विचारता येते. पण 'थांबा, विचार करून सांगतो' असे म्हणून रुग्णाला तसेच ठेवू नये.

दुसरी शंका जिलेटिनची. काही कंपन्यांचा जिलेटिन स्पंज डुकराच्या कातडीपासून बनवतात, ही गोष्ट खरी आहे. मूळ पदार्थ पूर्ण बदलून गेला की त्याचा हुकूम बदलतो का, यावर उलेमांत वेगवेगळी मते आहेत. १९९५ मध्ये कुवेत येथे झालेल्या वैद्यक-फिक्ह परिषदेने असे रूपांतरित जिलेटिन ग्राह्य मानले होते. मात्र जीव जात असताना आणि दुसरा उपाय हाताशी नसताना जरूरतीचा नियम लागू होतो, यावर मतभेद नाही. धातूची गुंडाळी चालेल का, असे डॉक्टरांना जरूर विचारा. ते 'नाही' म्हणाले तर तिथेच थांबा आणि उपचार होऊ द्या.

नांदेड-लातूरकडच्यांनी काय करावे

एम्बोलायझेशन करणारे डॉक्टर हे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट असतात आणि ते मोठ्या शहरांतच अधिक आढळतात. हृदयाची अँजिओग्राफी होणारी कॅथलॅब आणि हा उपचार यांचे यंत्र साधारण एकच, पण ते काम शिकलेला डॉक्टर त्या वेळी हजर हवा. म्हणून फोनवर नेमका प्रश्न विचारा: "पेल्विसच्या रक्तस्रावासाठी एम्बोलायझेशन आत्ता, या घटकेला होईल का?" नांदेडहून छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबाद गाठायचे तर अडीचशे किलोमीटरच्या पुढचा रस्ता आहे. आतून रक्त वाहत असलेला माणूस तसाच पाच-सहा तासांच्या प्रवासाला पाठवणे धोक्याचे असते.

म्हणूनच पहिला थांबा जवळचे मोठे रुग्णालय. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. रक्त चढवणे, कडे आवळून बांधणे, बाहेरून सळ्या लावून हाड स्थिर करणे, आणि गरज पडल्यास छोट्या ऑपरेशनने आत कापडाच्या घड्या दाबून रक्त रोखणे, हे उपाय एम्बोलायझेशनची सोय नसतानाही जीव तगवतात. हलवायचेच असेल तर हे करून, रक्ताच्या पिशव्या आणि डॉक्टर बरोबर असलेल्या रुग्णवाहिकेतून हलवावे. एक स्वस्त इंजेक्शनही लक्षात ठेवा: ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. ४० देशांतील २० हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते अपघातानंतर तीन तासांच्या आत दिल्यास मृत्यू कमी होतात, असे दिसले. तीन तासांनंतर त्याचा फायदा राहत नाही. "हे इंजेक्शन दिले का?" एवढे विचारायला संकोच नको.

रस्त्यावर जखमी दिसला तर १०८ ला फोन करा. कमरेला मार असेल तर त्याला उभे करू नका, बसवू नका, कूस पालटू नका, कंबर दाबून पाहू नका. जीपमध्ये बसवून नेणे टाळा. फळीवर किंवा सपाट बाजेवर, चार-पाच जणांनी एकदम उचलून, आडवेच न्या. गुडघे जवळ आणून हलकेच बांधा. १०८ चे डॉक्टर किंवा शिकलेला माणूस असेल तर तो चादरीची रुंद घडी करून कडे आवळेल. ती घडी पँटच्या पट्ट्याच्या जागी नव्हे, तर खाली, मांडीच्या वरच्या बाहेरच्या हाडाचा उंचवटा लागतो तिथे बांधायची असते. पाणी मागितले तर फक्त ओठ ओले करा. ऑपरेशन लागू शकते. अंगावर पांघरूण घाला, गार पडलेल्या शरीरात रक्त गोठत नाही. हाड बसवणाऱ्याकडे नेऊन मालीश करून घेणे, हे या दुखापतीत जिवावर बेतू शकते.

पोलिसांची भीती बाळगू नका. आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चे संरक्षण दिले आहे. खर्चासाठी, मे २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख न भरता मिळण्याची तरतूद आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. आता तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन एक जण आरोग्यमित्राकडे जाईल, दोघे-तिघे तरुण रक्तपेढीकडे जातील, एक जण रुग्णापाशी थांबेल, अशी कामे वाटून घ्या.

घरातल्या दादी-नानी

हा धोका केवळ मोटारसायकलवाल्या तरुणांना नाही. वजूच्या वेळी ओल्या फरशीवर घसरलेल्या दादीचेही हे हाड पुढच्या बाजूने तडकते. बहुतेकदा ते विश्रांतीने जुळते. पण वयामुळे धमन्या कडक झालेल्या असतात, आणि हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर छोट्या तडकीतूनही तासन्‌तास रक्त आत झिरपू शकते. अशा दादी पडल्या तर डॉक्टरांना गोळीचे पाकीट दाखवा, आणि पहिला दिवस नाडी, रंग, शुद्ध यांवर लक्ष ठेवा. 'वय झाले, अशक्तपणा आहे' म्हणून सोडून देऊ नका.

आपा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे परत येतो. ज्यांनी तुमच्या भावाला उभे केले, जीपमध्ये बसवले, ते मदतीलाच धावले होते. त्यांना कोणी हे शिकवले नव्हते. रात्री पाण्यासाठी तो तुम्हाला हाका मारत होता, ती तहान रक्त कमी झाल्याची असते, हे तुम्हाला कोणी सांगितले नव्हते. वेळेवर सगळे झाले तरीही अशा दुखापतीत काही जीव वाचत नाहीत, हेही खरे आहे. त्याचे ओझे स्वतःच्या मनावर घेऊ नका. तुम्ही पत्रात लिहिले आहे की त्याच रस्त्यावर खडी अजून पडलेली आहे. ग्रामपंचायतीला आणि बांधकाम खात्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि तिची नक्कल आम्हाला पाठवा. आणि हे पान मोहल्ल्यातल्या त्या पोरांना वाचून दाखवा, जे अपघात झाला की सगळ्यांत आधी धावतात.